रोड बाईक सारखी पंक्चर होते, हात बधिर होतात: नवा टायर घेण्याआधी काय तपासायचं

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या सायकलला लागू होत असेल तर पुढचं वाचायला हरकत नाही.

– पंक्चर काढलं, चार दिवस चालली, त्याच चाकाची हवा परत गेली.
– रात्री टायर टणक, सकाळी चपटा. भोक मात्र सापडत नाही.
– ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा.
– भोक टायरच्या बाजूला नाही, आतल्या, रिमच्या बाजूला.
– व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटलेली.
– हवा टिकते, पण तासाभरात तळहात बधिर होतात, मानेपर्यंत हादरे जाणवतात.
– मागचा टायर मधोमध सपाट झालाय, रबरात चिरा, कुठे कुठे धागे दिसतात.

जालन्यातल्या आमच्या रविवारी सायकलवर फिरणाऱ्या मंडळींच्या सायकली दुरुस्तीला माझ्याकडेच येतात. तक्रार वरच्यापैकी कुठलीही असो, मागणी ठरलेली असते: काटा न शिरणारा टायर सांगा. असा टायर मिळतो, पण तो महाग आणि जड असतो, शिवाय चालवायला दगडासारखा. आणि निम्म्या सायकलींना त्याची गरजच नसते. माझं म्हणणं एवढंच की सायकल मऊ चालते ती टायरच्या रुंदीमुळे आणि नेमक्या हवेमुळे. काटा अडतो तो रबराखालच्या पट्ट्यामुळे. ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकत्र करून लोक जाड टायर घेतात, वर त्यात ठासून हवा भरतात, मग हातही बधिर होतात आणि पंक्चरही थांबत नाही.

भोक कुठे आहे ते बघा (खर्च शून्य)

चाक काढल्यावर ट्यूब ओढून पंक्चरवाल्याच्या हातात देऊ नका. आधी टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आहे का बघा. नसेल तर व्हॉल्व्हसमोर खडूची खूण करा. ट्यूबची कुठली बाजू डावीकडे होती तेही लक्षात ठेवा. टायरची एकच कड रिममधून सोडवायची आणि ट्यूब काढून तिच्यात हवा भरायची, ती दुप्पट जाड होईपर्यंत. मग ओठांजवळ फिरवा. ओठांना बारीकसा वारासुद्धा लगेच कळतो. नाहीच कळला तर बादली आहेच.

भोक सापडलं की ट्यूब परत टायरवर ठेवा, व्हॉल्व्ह खुणेशी जुळवा. भोकासमोर टायरचा जो भाग येतो, गुन्हेगार तिथेच असतो. नाव आणि व्हॉल्व्ह जुळवून बसवायची पद्धत यासाठीच आहे.

भोक बाहेरच्या बाजूला असेल तर काटा, काच किंवा तार. दोन समांतर चिरा असतील तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली गेली, म्हणजे हवा कमी होती. आतल्या बाजूला असेल तर दोष रिमच्या पट्टीचा, म्हणजे आऱ्यांची भोकं झाकायला रिमच्या आत लावलेल्या पट्टीचा. व्हॉल्व्हच्या बुडाशी असेल तर हवा भरताना व्हॉल्व्ह ओढला-वाकवला गेलाय, नाहीतर ट्यूब आत पीळ पडून बसलीय. आणि भोकच नसेल तर व्हॉल्व्हची आतली सुई सैल आहे का ते बघा. प्रेस्टा व्हॉल्व्हमध्ये (रोड बाईकचा बारीक, लांब व्हॉल्व्ह) ती पुष्कळदा हाताच्या जोरावर सैल होते. पकडीने हलकासा पीळ दिला की काम झालं. यासाठी नवी ट्यूब घेणारे मी पाहिलेत.

हवा (खर्च: गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, असलेला पंप)

इथे जरा थांबू, कारण हात बधिर होण्याची आणि दोन चिरांची, दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा इथेच मिटतात.

टायरच्या बाजूला 115 किंवा 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं छापलेलं असतं. ती मर्यादा आहे, तेवढी भरा असं सांगणं नाही. वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकवर, ठासून भरलेल्या हवेचा फायदा होतो. आपल्याकडच्या, काळ्या मातीवर बसलेल्या आणि दर उन्हाळ्या-पावसाळ्याला खाली-वर होणाऱ्या डांबरावर नाही. तिथे जास्त हवेचा टायर खड्यावरून उडी मारतो, ती उडी तुमचा हात आणि पाठ झेलते, आणि पायांनी लावलेला जोर त्या हादऱ्यांत वाया जातो. सायकल वेगात पळतेय असं वाटतं फक्त.

साधारण 70 किलोच्या माणसाने ट्यूबवाल्या टायरला इथून सुरुवात करावी: 25 मिमी असेल तर मागे 85-88, पुढे 80-83. 28 मिमीला मागे 75, पुढे 70. 32 मिमीला मागे 60, पुढे 55. वजन 10 किलोने जास्त असेल तर पाचेक पीएसआय वाढवा, कमी असेल तर तेवढीच उतरवा. मग आपल्याच रस्त्यावर दोन-दोन पीएसआयने खाली-वर करून बघा. पुढे कमी का, तर शरीराचा जास्त भार मागच्या चाकावर असतो आणि पुढच्या चाकाचे हादरे थेट हातात जातात.

बोटाने दाबून अंदाज घेऊ नका. 60 आणि 90 दोन्ही बोटाला दगडच लागतात. साध्या ब्यूटाइल (कृत्रिम रबराच्या) ट्यूबमधूनही हवा रोज थोडी थोडी झिरपते आणि अरुंद टायरमध्ये मुळात हवाच कमी, म्हणून आठवडाभर उभी असलेली सायकल न बघता काढली की राजूरच्या रस्त्यावरचा पहिला खड्डा दोन चिरा पाडतो. गेजचा उभा पंप घ्या. टायरच्या किमतीपेक्षा तो स्वस्त पडतो आणि दुसरी कुठलीच वस्तू इतकी पंक्चर वाचवत नाही.

पेट्रोल पंपावर हवा फुकट आहे, पण तिथलं यंत्र मोटारसायकल आणि कारसाठी असतं. प्रेस्टा व्हॉल्व्हला ते लागतही नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात ठेवा. गावातल्या पंक्चरच्या दुकानात हवा मिळेल, अडॅप्टर मिळणार नाही.

आता उन्हाबद्दल. "उन्हानं हवा फुगली, ट्यूब फुटली" हे एप्रिल-मे मध्ये हमखास ऐकू येतं. हिशेब करून बघा. पहाटे 25 अंशांत 80 पीएसआय भरली आणि दुपारी आतली हवा 42 अंशांवर गेली, तर आकडा पाच-सहाने वाढतो, फार तर 86. त्याने धड ट्यूब फुटत नाही. फुटते ती आधीच टायरच्या कडेखाली चिमटलेली, किंवा टायरच्या चिरेतून बाहेर डोकावणारी ट्यूब. उन्हाचं खरं नुकसान वेगळं आहे: कच्चं लावलेलं ठिगळ सुटतं, रिमची चिकट पट्टी सरकते, आणि गच्चीत किंवा पत्र्याखाली ठेवलेल्या टायरचं रबर तडकतं. सायकल घरात ठेवायला जागा काढा.

टायर आतून चाचपा (खर्च: एक जुना बनियन)

पंक्चर काढून चार दिवसांत तिथेच परत झालं, तर दहापैकी नऊ वेळा जुना काटा किंवा तार टायरमध्येच आहे. पंक्चरवाला ट्यूब दुरुस्त करतो. टायर आतून बघायला त्याला वेळ नसतो.

बोट घालून फिरवू नका, कापेल. जुन्या सुती कापडाचा बोळा आतून फिरवा, दोन्ही दिशांनी. कुठे अडकला की तिथे टायर उलटा वाकवा, चीर उघडते. टोकदार चिमट्याने किंवा नेलकटरने उपटा.

आपल्याकडे चार मोठे शत्रू आहेत. एक, बाभळीचा काटा. शेतकरी कुंपणाला फांद्या ओढून नेतो तेव्हा वाटेत सांडतात, आणि वेडी बाभूळ तर रस्त्याच्या कडेलाच वाढते. लांब, सरळ, टोक आत मोडून राहतं. दोन, सराटा. पाऊस संपला की तो वाळतो, त्याच्या फळाचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर दणकट काटे. सायकल चहासाठी कडेच्या गवतात टेकवली की दोन्ही टायर भरून येतात. उचलून डांबरावर ठेवा, ढकलत नेऊ नका. तीन, लोखंड. जालन्यात स्टीलचे कारखाने, भंगाराचे ट्रक रात्रंदिवस येणार-जाणार, एमआयडीसीच्या बाजूला बारीक तुकडे पडलेले असतातच. वाळूज-शेंद्र्याकडे लेथवरचा कीस.

चौथा सगळ्यांत छुपा: ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरमधली तार. या टायरांत पोलादी तारांचे थर असतात. सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला काळ्या चिंध्या पडलेल्या दिसतात ना, त्यातून त्या सुटतात. केसाएवढी तार टायरमध्ये घुसते, बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि फक्त तुमचं वजन पडलं की ट्यूबला टोचते. रात्रीतून हळूच जाणारी हवा पुष्कळदा हिचीच करणी. कापडाचे दोन-चार धागे कुठे ओढले गेले की उजेडात भिंग लावून बघा. कडेच्या कचऱ्यातून सायकल चालवणं टाळता आलं तर टाळा. मागून ट्रक येत असेल तर अर्थात कडेलाच या. ट्यूब दुसरी मिळते.

पावसात पंक्चर वाढतात ते उगाच नाही. ओलं रबर काचेने आणि खडीच्या धारेने सहज कापतं, वर ओल्या टायरला कचरा चिकटून फिरत राहतो. पावसातून आल्यावर टायर पुसताना चिरांत अडकलेले खडे काढून टाका. आज काढला नाही तर पुढच्या आठवड्यात तो आत पोचलेला असतो.

रिमची पट्टी, ट्यूब, ठिगळ

भोक आतल्या बाजूला असेल तर पट्टी बघा. आऱ्यांच्या भोकांवरून ती सरकली असेल, खोलगट झाली असेल किंवा अरुंद असेल, तर ट्यूब त्या भोकात फुगून घुसते आणि कडेवर कापते. पट्टी रिमच्या तळाच्या रुंदीची हवी. इन्सुलेशन टेप लावू नका, उन्हात त्याचा चिकट चिखल होतो.

ट्यूब टायरच्या मापाचीच हवी. रोड बाईकचं 700सी चाक म्हणजे टायरवर 622 लिहिलेलं चाक. आपल्या जुन्या काळ्या सायकलचा 28 × 1½ इंची टायर 635 चा असतो. दुकानदार "28 इंचीच आहे, बसतोय" म्हणाला तरी तो टायर बसत नाही, आणि त्या ट्यूबचा जाड व्हॉल्व्ह प्रेस्टाच्या भोकातून जातच नाही. 28-622 असा आकडा वाचूनच पैसे द्या. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास.

ठिगळाचं थोडक्यात: पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन पातळ लावा, वाळू द्या, मग ठिगळ दाबा. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेलं ठिगळ पहिल्या उन्हात सुटतं. मोटारसायकलचं जाड ठिगळ पातळ ट्यूबवर नको, ते ट्यूबबरोबर ताणलं जात नाही आणि कडेने उकलतं. टायर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू देऊ नका. नवी ट्यूब बसवताना तिलाच भोक पडतं आणि दोष टायरवर जातो.

टायर संपलाय का?

मागचा टायर मधोमध सपाट होणं म्हणजे रबर झिजलं, काट्याला आत यायला अंतर कमी राहिलं. काही टायरांवर झीज दाखवणाऱ्या बारीक खळ्या असतात; त्या पुसल्या की टायर बदला. धागे दिसले, बाजूला फुगवटा आला किंवा बोट जाईल एवढी चीर असली, तर आजच बदला. रस्त्यात चीर पडली तर आतून दुधाची पिशवी चार घड्या करून लावा, हवा कमी ठेवा, हळू घरी या. तो इलाज घरी येण्यापुरताच.

मागचा टायर पुढच्याच्या साधारण दुप्पट वेगाने झिजतो. म्हणून काही जण मागचा झिजलेला पुढे आणि पुढचा मागे करतात. हे करू नका. मागचा फुटला तर सायकल डगमगते, पुढचा फुटला तर माणूस पडतो. नवा टायर पुढे, पुढचा मागे, मागचा भंगारात.

आता टायर निवडा

इथवर सगळं ठीक निघालं आणि तरी बाहेरच्या बाजूने वारंवार भोकं पडतायत, तरच पैसे काढा.

पहिला प्रश्न रुंदीचा, आणि तो सायकलच ठरवते. टायर आणि फ्रेम, टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये 4 मिमीची ॲलन की (षटकोनी पाना) सगळीकडून मोकळी फिरली पाहिजे. जुन्या रिम-ब्रेकच्या सायकलींत 25, फार तर 28 बसतो. डिस्क-ब्रेकच्या नव्या सायकलींत 32 सहज. रुंद रिमवर 28 चा टायर प्रत्यक्षात 29-30 भरतो हे धरून चाला. माझं मत सरळ आहे: बसत असेल तर 28 च्या खाली जाऊ नका, 32 बसत असेल तर तोच घ्या. एके काळी 23 वर शर्यती करणारे युरोपातले व्यावसायिक स्वारही आता 28 वर आलेत, आणि त्यांचे रस्ते मंठा रोडसारखे नाहीत.

दुसरा प्रश्न पट्ट्याचा. काँटिनेंटलच्या ग्रँड प्रिक्स 5000 मध्ये रबराखाली व्हेक्ट्रनचा, म्हणजे एका मजबूत कृत्रिम धाग्याचा, विणलेला थर आहे. टायर हलका, मऊ, पकड उत्तम. काचेला बऱ्यापैकी उभा राहतो, पण बाजूची भिंत पातळ. खडीच्या वळणरस्त्यावर ती कापली जाते. त्याच कंपनीच्या गेटरस्किनला बाजूनेही संरक्षक जाळी आहे. टिकाऊ, पण चालायला ताठ, आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड मला कधीच पटली नाही. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये 5 मिमी जाडीचा रबरी थर आहे. सराटा तिथवर जाऊन थांबतो. पण वजन शर्यतीच्या टायरच्या अडीच-तीन पट, आणि चढावर ते पायांना कळतं. रोज कामावर सायकलने जाणाऱ्याने तो डोळे झाकून घ्यावा. रविवारी शंभर किलोमीटर जाणाऱ्याने घेऊ नये.

दोन्ही चाकांना एकच टायर हवा असं कुठे लिहिलेलं नाही. पुढे मऊ, पकडीचा. मागे पट्टेवाला, टिकाऊ. पंक्चर मागेच जास्त होतात, हात पुढे असतात. आमच्या रस्त्यांना ही जोडी मानवते.

खोक्यावरच्या टीपीआयच्या (एका इंचात किती धागे) आकड्याला भुलू नका. इंचात धागे जास्त म्हणजे सांगाडा मऊ, हे खरं. पण काही कंपन्या तिन्ही थरांचे धागे मिळून 330 लिहितात, म्हणजे एका थरात 110 च. दुसऱ्याचा 120 त्याहून कमी नाही. नक्षीचंही तसंच. डांबरावर गुळगुळीत टायर पावसातही चालतो, सायकलच्या वेगाला आणि अरुंद टायरला पाण्यावर तरंगायची भीती नसते. आणि काळ्या मातीच्या चिखलात कुठलीच नक्षी चालत नाही. दोन फेऱ्यांत चाक ब्रेकपाशी जाम होतं, खांद्यावर घ्या.

टायरच्या आत टाकायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात. स्वस्त आहेत, काटा अडवतात, पण त्यांची कड काही महिन्यांनी ट्यूब घासून भोक पाडते. मी बसवत नाही.

ट्यूबलेसचं म्हणाल तर सराट्यावर त्याच्याइतका उतारा नाही. त्यात ट्यूब नसते, टायरमध्येच भोक बुजवणारं पातळ द्रावण (सीलंट) ओततात; हे दूध बारीक भोक जागेवर बुजवतं, आणि चिमटून होणारं पंक्चर उरतच नाही. पण रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचेच लागतात आणि आपल्या उन्हाळ्यात ते दूध दोन-तीन महिन्यांत सुकतं. जो माणूस चेनला तेल घालायला विसरतो, त्याने या वाटेला जाऊ नये.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

रिमवर आऱ्यांच्या भोकांभोवती तडा दिसला तर चाक चालवू नका. रिम-ब्रेकच्या सायकलीत ब्रेक घासतो त्या भिंतीवर पट्टी आडवी धरा. भिंत आत खोल गेली असेल तर रिम संपलीय. हवेच्या दाबाने ती उतारावर फाटू शकते आणि हे ट्यूब-टायरने सुटणारं काम नाही.

नवा टायर बसवल्यावर रिमच्या कडेलगतची बारीक रेषा दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. हवा काढून, साबणाचं पाणी लावून पुन्हा भरल्यावरही कुठे ती आत बुडाली किंवा वर आली, तर जास्त हवा भरून टायर "बसवायला" जाऊ नका. कड रिमवरून उडाली तर आवाज बंदुकीसारखा होतो आणि बोटं जवळच असतात.

रिम हूकलेस असेल, म्हणजे आतल्या कडेला टायर अडकवणारा आकडा नसेल, तर त्यावर चालणारे टायर वेगळे आणि हवेची मर्यादा 5 बार, म्हणजे 72 पीएसआय. वरचे 25 आणि 28 मिमीचे आकडे अशा चाकांना लावू नका. रिम आणि टायर दोन्हींवर लिहिलेलं दाखवून दुकानातून खात्री करून घ्या. कार्बन रिमवर खड्डा जोरात बसला आणि नंतर टकटक आवाज येत असेल, तरीही तेच.

त्याच चाकाचे आरे पुन्हा पुन्हा सैल होत असतील किंवा तुटत असतील तर चाक नीट ताणून घ्यावं लागेल. गावातला मिस्त्री काळ्या सायकलचं चाक नजरेने सरळ करतो, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण कमी आऱ्यांच्या चाकाला ताण मोजायचं साधन लागतं. जालन्यात ते मिळालं नाही तर चाक काढून संभाजीनगरला न्या, आणि सोबत टायरही न्या, म्हणजे त्यांनाही कळेल भोकं कुठे पडत होती.